काळ्या करवंदांचा पेला

नाताळच्या सुट्टीत सगळे जमले तेव्हा जावयाने वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. "बाबा, मटणाबरोबर कुठली?" म्हणत त्याने एक उघडली, आणि पिकल्या करवंदांसारख्या वासाने मी थेट लहानपणी, आमच्या कडाव गावात पोचलो.

धम्म घेतल्यानंतरची ती आमची पहिली बुद्धपौर्णिमा. पूर्वी सणाला मोहाची दारू असायची आणि मामा प्यायले की भांडण ठरलेलं. आता दारू बंद झाली होती, पण मामा तर जेवायला येणारच होते. आईने पन्हं, कोकम आणि काळ्या करवंदांचं सरबत केलं. वडिलांनी तिन्ही चाखून करवंदांकडे बोट दाखवलं. आईने दारूचेच काचेचे पेले राखेने घासून ते सरबत त्यात ओतलं.

मामांनी सवयीने पेला हुंगला. आम्ही पोरं आईच्या मागे सरकलो.

"अगं, ह्यात कायच नाय गं!"

"हाय की रं," आई म्हणाली. "आज जेवून उठशील तवा भाचरांची नावं तुज्या ध्यानात असतील."

मामा मोठ्याने हसले आणि त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

तेव्हा मला नुसती गंमत वाटली. त्यानंतर आमच्या घरात सणाच्या पंगतीत कुणी भेदरून बसलं नाही. आईवडिलांचे हे उपकार मोठे.

जावई अजून थांबला होता. "तुमची तुम्ही निवडा," मी म्हटलं. "आमची तेव्हाच निवडून झालीय."