कुलूपबंद रेडिओ

सत्तरच्या दशकात कडेगावजवळच्या आमच्या शाळेला सरकारी रेडिओ मिळाला. तो घेऊन जीपमधून आलेला साहेब बोलताना समोरच्याकडे न बघता स्वतःची नखं निरखत असे. शालेय कार्यक्रम ऐकायला पोरं व्हरांड्यात दाटीवाटीनं बसली होती. साहेबानं रेडिओ लाकडी पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"मग मुलांनी ऐकायचं कसं?" मी विचारलं.

"वापरलं की यंत्र बिघडतं, मास्तर. बिघडलं की जाब मला विचारतात."

पुढं बसलेली मुलगी उठली. "आवं सायेब, एकडाव तरी वाजवा की!"

तिच्याकडं ढुंकूनही न बघता तो आमचा चहा पिऊन निघून गेला. असल्या माणसाच्या हाती मुलांचे कान सोपवणाऱ्या खात्याची मला कीव आली. मी सगळ्यांदेखत दगडानं कुलूप फोडलं.

वर्षाअखेर तो तपासणीला आला, तेव्हा वर्गात रेडिओवरून विज्ञानाचा पाठ खणखणीत ऐकू येत होता. तो दारातच थबकला.

"म्हणजे, वापरलात तुम्ही हा?" चोरी पकडल्यासारखं त्यानं मला विचारलं.

"व्हय, रोज!" अख्खा वर्ग ओरडला.