राजाच्या मुदपाकखान्यातली घागर

शकुंतला गेली तेव्हा मी परभणीला दहावीचे पेपर तपासत होते. दुपारचा चहा आला आणि त्याच्या पाठोपाठ सेलूच्या आमच्या शाळेतले एक सर आले. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ते बसले. ती खुर्ची शकुंतलाची. आदल्या दिवशी छातीत जड वाटतंय म्हणून ती तपासणीतून लवकर उठून एसटीनं सेलूला गेली होती आणि जाताना माझ्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाली होती, मार्क जरा हात सोडून दे, तुझ्या खिशातून जात नाहीत. सरांनी तोंड उघडायच्या आतच मला कळलं... चहा तसाच राहिला.

आता दीड महिना होऊन गेला. आम्ही वीसएक वर्षं एकाच शाळेत शिकवलं. ती भूगोल शिकवायची, मी मराठी. मी मानवतकडच्या बागायतदाराच्या घरातली, ती सोनपेठजवळच्या एका खेड्यातल्या, गावाबाहेरच्या बौद्धवस्तीतली. माझ्या डब्यातला ठेचा ती हक्कानं संपवायची आणि वर तिखट कमी झालंय म्हणून मलाच ऐकवायची. फटकळ होती. मोठ्या साहेबांसमोरही तिची मान खाली गेलेली मी पाहिली नाही.

नोकरी लागल्यावर तिनं पहिल्या पगारात आईसाठी पितळेची घागर घेतली होती. मानवतच्या भांड्याच्या दुकानात मीच तिला नेलं होतं. आपल्याकडे भांडं दिलं की त्यावर नाव घालतात, तसं तिनंही घालून घेतलं. दुकानदाराचा माणूस छिन्नी टेकवून ठोकत होता आणि ही त्याच्या डोक्यावर उभी राहून एकेक अक्षर तपासत होती. 'अनुसयाबाई हिला लेक शकुंतलाकडून', आणि खाली गावाचं नाव. आईला वाचता येत नव्हतं. पण घागर कडेवर घेताना ती नावाची बाजू बाहेर ठेवायची, लोकांनी वाचावी म्हणून.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दंगल उसळली, त्यात शकुंतलाची वस्ती जाळली. जाळणारे माझ्यासारख्याच घरांतले होते. आम्हा दोघींनाही हे ठाऊक होतं आणि आम्ही त्यावर कधी बोललो नाही. अनुसयाबाई अंगावरच्या लुगड्यानिशी सेलूला लेकीकडे आल्या. घर, शेळ्या, साठवलेली ज्वारी, कशाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. विचारायच्या ते फक्त घागरीचं. पितळ काही जळत नाही, कुणीतरी उचलून नेली असणार, हे त्यांनाही कळत होतं. पण मी भेटायला गेले की मला समजावून सांगायच्या, "बाई, नाव हाय तिच्यावर. ज्याच्या हाती पडंल तो वाचंल की. वाचलं म्हंजे आणून देईल." शकुंतला अशा वेळी उठून आत जायची.

सात-आठ वर्षांनी शाळेची सहल निघाली. गोदावरीच्या काठावर एका जुन्या राजघराण्याचा महाल आहे. फार पूर्वी तो आगीत गेला होता. जुन्या फोटोंवरून तो पुन्हा बांधला आणि आत वस्तुसंग्रहालय केलं. माहिती सांगणारा माणूस मोठ्या उत्साहात होता. जळालं ते जसंच्या तसं उभं केलंय, खांबावरची नक्षीसुद्धा हुबेहूब, असं तो दर दालनात सांगे. शकुंतला सगळं नीट ऐकून घेत होती. मला मात्र त्याला गप्प करावंसं वाटत होतं.

मुदपाकखाना शेवटी होता. चुलाणं, परातींची रास, दोरीपलीकडे एका ओळीत मांडलेल्या घागरी. राजाची खरी भांडी कधीच उरली नव्हती, म्हणून दालन भरायला आसपासच्या तालुक्यांतल्या मोडवाल्यांकडून जुनं पितळ आणलेलं. पाटी मात्र 'राजघराण्याची भांडी' अशीच. भांडी दिसली की नावं वाचायची आम्हा बायकांची खोड, तशी मी सहज वाचत चालले होते. शकुंतला मागे राहिली म्हणून वळून पाहिलं, तर ती दोरीला धरून उभी होती. तिच्या आईची घागर तिथं होती. पोचा आलेला, काठ काळवंडलेला, पण अक्षरं धडधडीत.

ती तडक तिथल्या साहेबांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. ऐकून घेतलं, पाणी दिलं, मग खरेदीचं बिल आहे का म्हणून विचारलं.

"आईच्या घागरीचं बिल कोण जपतं साहेब?" शकुंतला म्हणाली. "अन् जपलं असतं तर जळालं नसतं का?"

वर कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं की नाही, देव जाणे. ती पुन्हा पुन्हा खेटे घालत राहिली, दरम्यान साहेबांची बदली झाली. नवे आले, त्यांनीही बिलच विचारलं. शेवटी तिनं ठरवलं, आईलाच समोर उभं करायचं. म्हातारीला बघून तरी कुणाला लाज वाटेल. मीही बरोबर गेले.

अनुसयाबाईंनी घागरीकडे बराच वेळ पाहिलं. हात पुढे केला, तसा पहारेकरी खाकरला, मग हात त्यांनी मागे घेतला. शकुंतला साहेबांच्या खोलीकडे निघाली होती. आईनं तिच्या पदराला धरून थांबवलं.

"ऱ्हाऊ दे गं हितंच. राजाच्या घरात हाय. हितं कोण पेटवायला येतंय?"

महाल एकदा जळालेला आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शकुंतलानंही सांगितलं नाही. परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती आणि म्हातारी मात्र खुशीत... घागरीला आता पाणी वाहायला लावत नाहीत, नुसती बसून असते, असं मला कौतुकानं सांगत होती. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

त्यानंतर शकुंतलानं अर्ज-विनंत्या सोडल्या. दोन वर्षांत आई गेली. मग दर सुट्टीत ती तिकीट काढून महाल बघायला जायची, एकटीच. यंदा जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या सकाळी शाळेत पेढे आले. तिनं पेढा घेतला, रुमालात बांधला. आईला पोचवून येते म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं गेली. तिचं ते शेवटचं जाणं.

गेल्या आठवड्यात मी जाऊन आले. ती गेल्यावर त्या घागरीकडे आपलं म्हणून बघणारं कुणी उरलं नाही, ही बोच जात नव्हती. शेजारी एक खेड्यातली बाई लहान मुलीला घेऊन उभी होती. मुलगी नुकती वाचायला शिकलेली असावी. अक्षर लावत लावत तिनं दोन्ही नावं वाचली आणि ही कोण म्हणून आईला विचारलं.

"राणी असंल अनुसयाबाई," आई म्हणाली. "अन् शकुंतला तिची लेक." मग खात्री करून घ्यायला तिनं माझ्याकडे पाहिलं. "व्हय ना हो बाई?"

मी म्हटलं, हो.