भिमाबाईची आंघोळ आणि समुद्रातला स्पंज

आमची झुंबर आत्या अठ्ठ्याहत्तर साली नाशिकरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, पण नोकरी तात्पुरती. कायम व्हायचं तर संस्थेच्या मंडळींसमोर एक पाठ घ्यायचा होता. "हिला काय जमणार," म्हणून हसणारे शाळेत कमी नव्हते. मला त्यांचा राग अजून येतो.

आत्याने विषयही अवघडच निवडला: कोळी आणि समुद्रातला स्पंज, दोन प्राण्यांची तुलना. मेंदीच्या कुंपणातला, जाळ्यावर नागमोडी नक्षी काढणारा कोळी तिने बाटलीत धरला. शाळेच्या कपाटातला वाळका स्पंज संध्याकाळी घरी आणून खिडकीत ठेवला.

सकाळी आजी, म्हणजे भिमाबाई, न्हाणीतून खूश होऊन बाहेर आली. "अंग घासायला घोसाळं लय मऊ आणलंस गं. अंग कसं हलकं झालं."

आत्याने न्हाणीत धाव घेतली. शाळेची वस्तू साबणाच्या फेसाने भरली होती. "आई, तो प्राणी हाय," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मेलेलाच ना? मग त्याला काय लागलं?" आजीने स्पंज धुऊन डब्यात घातला आणि स्वतःही सोबत निघाली. बोलणी खायची वेळ आलीच तर ती आपण खाऊ, असा तिचा हिशोब.

वर्गात आत्याने ओला स्पंज वर धरला. "आज माझ्या आईने याला घोसाळं समजून आंघोळ केली."

मागे बसलेली मंडळी हसली. व्हरांड्यात आजीने मान खाली घातली.

"आईचं काही चुकलं नाही," आत्या म्हणाली. "जगभर लोक याच्यानंच अंग चोळतात. हा झाडासारखा एका जागी चिकटून राहतो, म्हणून आपण फसतो. कोळीही जागेवर बसूनच पोट भरतो, पण त्याला जाळं विणावं लागतं. याला ना डोळे, ना तोंड. हा अंगावरच्या छिद्रांतून समुद्राचं पाणी ओढतो आणि त्यातलं अन्न ठेवून घेतो. एकाने जाळं बाहेर मांडलं, दुसरा स्वतःच जाळं झाला."

तिने स्पंज पिळला. पाण्याची धार बघायला पोरं बाकांवर चढली. घंटा झाली तरी कुणी हलेना. "चालू द्या, बाई," संस्थेचे अध्यक्ष यादवराव म्हणाले.

आठवड्याने कायम झाल्याचा कागद हातात आला. पुढे शहाऐंशी साली आत्या त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली, आणि हसणारे तिच्यासमोर सहीला उभे राहू लागले.

आजी मात्र वसाहतभर सांगत फिरायची, "मी आंघोळ केली म्हणून पोरगी कायम झाली." आत्याने ते कधी खोडून काढलं नाही.