कूलरसमोरची जागा

आमच्या लातूरच्या घरात उन्हाळ्यातला गारवा फुकट मिळत नसे. कूलर एकच, पत्र्याचा, खिडकीत बसवलेला. त्याच्यासमोर दुपारी कुणी झोपायचं हे बाबा ठरवायचे. बाबा शाळेत मास्तर. सुख आधी कमवावं लागतं, असं त्यांचं ठाम मत. सकाळपासून ज्यानं जास्त काम केलं त्याची गादी कूलरसमोर, आणि ज्यानं नुसतं लोळून काढलं त्यानं भिंतीशी घाम पुसत पडायचं. मी कायम भिंतीशी.

पहिला नंबर रोज आईचा यायचा. त्यात बाबांनी कधी लबाडी केली नाही. फक्त आईचं धुणं, भांडी, निवडणं-टिपणं आटोपेपर्यंत चहाची वेळ व्हायची. तोवर जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून बाबा तिथं तात्पुरते झोपत. माझं लग्न होऊन मी नांदेडला गेले, तरी त्यांचं तात्पुरतं चालूच होतं.

मग बाबा रिटायर झाले. मे महिन्यात मी माहेरी आले तर बाबा भिंतीशी, माझ्या जागेवर, बनियन घामानं चिंब.

"तिकडं झोपा की, बाबा."

"मी काय केलं आज? पेपर वाचला."

आई म्हणाली, "शाळा सुटल्यापासून हेच चालू हाय. अंग घामोळ्यांनी भरलं. परवा तर चक्कर येऊन पडले."

माणसानं प्रामाणिक असावं, पण किती? मला काळजी वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला.

काम मिळवायची खटपट त्यांनी केली, नाही असं नाही. कूलरचं गवत धुऊन धुऊन निम्मं करून टाकलं. एका सकाळी तर भरलेल्या कूलरमध्येच बादलीभर पाणी ओतलं, वर आणखी एक. ज्या गावात नळ यायचा दिवस असला की लोक सख्ख्या नात्यातलं लग्न टाळतात, तिथं आमच्या खिडकीतून पाणी रस्त्यावर. समोरच्या खाला दारात येऊन म्हणाल्या, "गुरुजी, पानी बह रा जी तुमारा." बाबा इतके शरमले की त्या दिवशी त्यांनी पंखासुद्धा लावून घेतला नाही.

अशात चाकूरहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. जेवली, हात धुतले आणि सरळ कूलरसमोर आडवी झाली.

बाबांनी घसा खाकरला. "अक्का, सकाळपासून तू काय केलंस?"

"जेवले की."

"तसं न्हाई. ती जागा मिळवावी लागते."

"बरं. उद्या मिळवते," म्हणत आत्यानं कूस बदलली आणि घोरायला लागली.

आई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिनं हातातलं खरकटं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि आत्याशेजारी येऊन पडली.

"अगं, भांडी?" बाबा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या."

बाबांचा चेहरा उजळला. "मग मी घासतो."

"काही घासू नका. या, पडा इथं. आज कुणीच काही करायचं न्हाई."

बाबा तिकडं गेले. बिनतिकिटाचा माणूस एसटीत बसावा तसे अंग चोरून पडले. जरा वेळानं हळूच म्हणाले, "पण आपण केलं तरी काय गं, हे मिळायला?"

आईला झोप लागली होती. तोंड जरासं उघडं, कपाळावरचे केस वाऱ्यानं भुरभुरत होते. दुपारची झोपलेली आई मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. बाबाही बहुतेक पहिल्यांदाच. ते कोपरावर उठून तिच्याकडं बघत राहिले.

"रोज हिचाच नंबर होता," ते म्हणाले, मला की स्वतःला कोण जाणे.

मग आपल्यामुळं तिचा वारा अडतोय असं वाटून ते आवाज न करता परत भिंतीकडं सरकले. मला त्यांचं हसू आलं, आणि रडूही.