उपरण्याखालचे सहा आठवडे

नव्वदच्या दशकात बेल्ह्याच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. एका बाजारच्या दिवशी बैलांचा एक व्यापारी आला. बाकावर जागा असूनही उभाच राहिला. मला तेव्हा पोच नव्हती. सगळ्यांदेखत विचारलं, “लघवीला रात्री किती वेळा उठता?”

त्यानं माझा हात ओढला, वर उपरणं टाकलं आणि खालून माझी चार बोटं दाबली. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो.

“भाऊ, समद्यांसमोर बोलायचं, पन कळू द्यायचं न्हाई,” तो म्हणाला.

प्रोस्टेटचं जुनं इन्फेक्शन निघालं. डॉक्टरांनी सहा आठवडे गोळ्या सांगितल्या. बाहेर येताच पुन्हा उपरणं पसरलं. त्यानं दोन बोटं दाबली, म्हणजे दोनच आठवडे. मी त्याची आधी पाच दाबली, मग एक, म्हणजे पुरे सहा. तो तीनवर आला. मी हटलो नाही. तो हसून निघून गेला.

दर बाजारी तो आठवड्याच्या गोळ्या न्यायचा. दुखणं थांबलं म्हणाला, आणि चौथ्या बाजारी आलाच नाही.

दिवाळीनंतर पुन्हा आला, तसाच उभा. या वेळी मी काहीच विचारलं नाही, गोळ्यांची बरणी काढली आणि नुसता हात पुढं केला. उपरण्याखाली त्यानं माझी पाच बोटं दाबली. थोडा थांबला. मग आणखी एक.