पाच सांगून अकरा

माझं लग्न एका ताटावरून मोडत आलं होतं. ताट साधं, स्टीलचं. त्यात वाढलेलं मी सगळं संपवलं होतं, जेवणाला नाव ठेवलं नव्हतं, कुणाला वेडंवाकडं बोललो नव्हतो. फक्त जेवून उठल्यावर ते ताट मी स्वतः धुतलं. तेवढ्यावरून दोन घरांचं पंधरा दिवस बोलणं बंद होतं.

ही सवय कुठून लागली ते आधी सांगतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. वडील सातवीतून शाळा सोडून शेतात गेले, आई शाळेत गेलीच नाही. नांदगावकडच्या आमच्या गावातून मी नाशकात आलो, वसतिगृहात राहून बी.कॉम. झालो. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. कमावलेली गोष्ट लपवायची मला सवय नाही. वसतिगृहात एकच नियम कडक होता, ज्याचं ताट त्यानं धुवायचं. रेक्टर सर स्वतः आमच्या रांगेत बाह्या वर करून उभे राहायचे आणि पुढच्याला म्हणायचे, "कडा घास, कडा. मधलं कुणीही घासतं." वर्गात शिकवलेलं बरंच विसरलो. कडा घासायचं विसरलो नाही.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी जेवून ताट घेऊन उठलो, तर आईनं ते ओढून घेतलं. "का रे, माझे हात मोडलेत का?"

वडील ओट्यावरून म्हणाले, "कालेजात हेच शिकवत्यात व्हय? मंग इथंच राहायचं व्हतं. आईनं फुकट शिकवलं असतं."

मी दुसऱ्या दिवशीही उठलो, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी आईनं न बोलता राखेचा डबा माझ्याकडं सरकवला. वडील मात्र पुढंही हसतच राहिले. त्यांच्या लेखी ते माझं खूळ होतं, पोरगं शिकलंय म्हणून सोसायचं.

पुढं सातपूरला एका कारखान्यात नोकरी लागली, स्टोअर्सला. दिवसभर मोजणं हेच काम. मालासोबतच्या चलनावर शंभर नट असतील आणि पेटीत एकशेएक निघाले, तरी मी सही करत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं जे घडलं त्यात मोजायला चुकलो तो मीच.

देवळ्याकडच्या एका गावातलं स्थळ आलं. कांदा पिकवणारं घर. मुलगी फार्मसीचा डिप्लोमा करून देवळ्यातच एका औषधाच्या दुकानात काम करत होती. बायोडाटा आला, फोटो आला, मला आवडला. मध्यस्थ आमच्या आत्याचे दीर. त्यांनी वडिलांना विचारलं, "किती जण येणार? तिकडं तसं सांगतो." वडील म्हणाले, "चार-पाच. लय नाय."

निघायच्या सकाळी दारात काळीपिवळी जीप उभी राहिली आणि तिच्यात एकेक जण चढायला लागला. वडील, मी, मध्यस्थ, दोन्ही काका. झाले पाच. मग काकांचे साडू, मग वडिलांचे दोन मित्र, मग गावात ज्यांना विचारल्याशिवाय सोयरीक होत नाही ते दोन म्हातारे, आणि गाडी ज्याच्या ओळखीनं मिळाली तो एक. अकरा. आई उंबऱ्यात उभी होती. मुलगी बघायला आमच्याकडं बाईमाणूस नेत नाहीत.

मी वडिलांना बाजूला घेऊन म्हणालो, "फोन करून सांगू का? पाचाचे अकरा झालो."

"येडा का रे? पाव्हण्याच्या घरी जाताना कुणी डोकी मोजून कळवतं का? बरं दिसतं का ते? त्यांचं शेतकऱ्याचं घर हाय, जेवायला काय कमी?"

फोन माझ्या खिशात होता. मी तो तसाच खिशात ठेवला आणि गाडीत बसलो.

तिकडं सगळं छान झालं. बैठकीत सतरंजी अंथरलेली, पाणी झालं, चहा झाला, मुलगी आली. आमच्या म्हाताऱ्यांनी नाव, शिक्षण, भावंडं असे नेहमीचे प्रश्न विचारले. मग तिचे वडील तिला म्हणाले, "तुला काही विचारायचं तर विचार."

तिनं सरळ माझ्याकडं पाहिलं. "नाशकात पाणी रोज येतं का?"

सगळे हसले. मी म्हणालो, "रोज. सकाळी एक तास."

"जोरात येतं की धार?"

"वरच्या मजल्यावर धार," मी खरं ते सांगितलं.

तिनं मान हलवली, दुकानात चिठ्ठी वाचून औषध आहे की नाही ते सांगतात ना, तशी. मला वाटलं, ही बाई आपल्याला जमेल.

मग जेवणाची पंगत. त्या भागात मोठ्या पाहुण्याला खापरावरचे मांडे करतात. चुलीवर मातीचं खापर उलटं ठेवायचं, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि त्यावर टाकायची. एक मांडा ताटाबाहेर लोंबतो. सोबत आमरस. मला दोन वाढले, तिसरा आग्रहानं घातला. मध्ये बराच वेळ वाढणं थांबलं होतं. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं आतल्या दाराकडं पाहून खाकरलंही. मग पुन्हा मांडे आले, जरा लहान. मी जेवलो, उठलो, ताट उचललं.

तिचे वडील अर्धे उठले. "अहो, ठेवा, ठेवा!"

"असू द्या. सवय आहे मला," मी म्हणालो, आणि आतल्या दारानं मागं गेलो. खोटं कशाला बोलू, थोडा भावही खाल्ला. ही मुलगी बघेल, तिला कळेल नवरा कसा आहे, असं मनात होतं.

मागच्या अंगणात मोरी. भिंतीला टेकून तीन बायका जेवत होत्या. मुलीची आई, काकू आणि ती स्वतः, बघायच्या कार्यक्रमाच्या त्याच साडीत. मला पाहताच आईनं झटकन पदर ओढून घेतला. मला वाटलं, लाजल्या. मी खाली मान घालून ताट घासलं, कडासुद्धा, विसळून पालथं घातलं आणि पुढं आलो. मुलगी मात्र जेवत राहिली होती, एवढं लक्षात राहिलं.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थांचा फोन. "पाव्हणे बिथरलेत. म्हणतात, आमच्या घरात बाईमाणूस नाही का? आमच्या घराला विटाळ आहे का, की मुलानं स्वतः ताट धुतलं? मुलानं येऊन चूक कबूल करावी, मग पुढचं बोलू."

वडील माझ्यावर तुटून पडले. "घरी केलंस, हसलो. पाव्हण्याच्या दारात जाऊन तेच? जा आन सांग, हॉस्टेलची खोड हाय, पुन्ना नाय करणार."

"मी असं सांगणार नाही."

"का? जीभ झिजते का?"

"खोटं आहे म्हणून. मी पुन्हा करणार आहे."

"मंग बस तसाच! ताटाशीच लगीन लाव!"

पंधरा दिवस असेच गेले. मी कामावर मोजत होतो आणि मनात एकच घोळत होतं. मुलगी मला मनापासून आवडली होती. धार की जोर असं विचारणारी दुसरी कुठं शोधू? पण ज्या गोष्टीची मला लाज नाही तिची माफी मागून संसार सुरू केला, तर पुढं रोज कशाकशाची मागत बसणार? असा मी माझ्या तत्त्वाला घट्ट धरून बसलो होतो. आपण फार मोठं काहीतरी करतोय असं वाटत होतं, हेही कबूल करतो.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. बायोडाटावरून नंबर घेतलेला. मागं दुकानातली गिऱ्हाइकं ऐकू येत होती.

"एक सांगायचंय. ऐकून घ्या, मग काय ते ठरवा. ताटाचं काही नाही. ते वडील बोलायला बोलतात. आईचं दुखणं वेगळं आहे."

"काय?"

"तुम्ही पाच येणार होतात. अकरा आलात. पुरण पाचांचं होतं, फार तर सातांचं. मधे घाईघाईनं पुन्हा डाळ शिजवली. तेही सगळं पुढं गेलं. तुम्ही मागं आलात तेव्हा आम्ही भाकरी आणि ठेचा खात होतो. आईनं ताटावर पदर घातला. तुम्ही बघितलं असं तिला वाटतं. पाव्हण्यानं आपल्या घरातलं उणं बघितलं, म्हणून रडते ती."

मी म्हणालो, "मला वाटलं, त्या लाजल्या."

"लाजल्याच," ती म्हणाली. "थांबा हं... काका, ही गोळी जेवणानंतर, सकाळ-संध्याकाळ... हं. तुम्ही ताट धुतलं ते मला आवडलं का, असं विचाराल तर अजून ठरलं नाही. पाव्हण्यांसमोर धुणारे पुष्कळ असतात." आणि फोन ठेवला.

डबा तसाच ठेवून मी स्टोअरच्या पायरीवर बसलो. एक नट जास्त आला तर सही न करणारा माणूस मी. सहा माणसं जास्त घेऊन एका बाईच्या चुलीपुढं जाऊन बसलो, आणि फोन खिशात होता. वडिलांना वेगळं माहीत नव्हतं. त्यांच्या वेळी कळवायची सोयच नव्हती, जेवढे आले तेवढे आले, ही रीत. मला माहीत होतं. तरी मांडे खाऊन वर ताट धुण्याचा रुबाब करून आलो.

शनिवारी गावी गेलो. वडिलांना म्हणालो, "मी देवळ्याला जातोय माफी मागायला."

त्यांचा चेहरा उजळला. "आली का अक्कल?"

"ताटाची नाही. अकरा जणांची."

वडिलांनी मान फिरवली. बराच वेळ बैलासमोरचा चारा उगाच हलवत राहिले. मग म्हणाले, "त्यात माफी कसली मागायची? मान्सं मान्साकडंच जात्यात." पण आवाजात दम नव्हता.

आई आतून बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. "मी येते. फोन लाव त्यांना. सांग, दोघं येतो, माय आन लेक. आन एश्टीत तिसरं कुणी वळखीचं चढलं तर मी उतरून घेईन."

दोघंच गेलो. दारात मुलीची आई उभी होती. ओढलेला चेहरा, "या" एवढंच म्हणाल्या. मी आत बसायच्या आधीच बोलून टाकलं, कारण बसलो असतो तर चहात विरघळून गेलं असतं.

"मावशी, ताट धुतलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. ते मी घरीही धुतो, इथंही धुणार. चुकलं ते हे, की पाच सांगून अकरा आलो आणि कळवलं नाही. फोन होता माझ्याकडं. तुम्हाला उपाशी ठेवून आम्ही जेवलो."

त्या पुढं आल्या. त्यांची बोली अहिराणीकडं झुकणारी. "पीठ घरमा व्हतं, डाळबी व्हती," त्या म्हणाल्या, आणि आवाज चढत गेला. "अकरा काय, एकवीस जेवाडले असते मी. डाळ शिजाले येळ लागतो, भाऊ. येळ तं द्यावा माणसानं!"

"हो," मी म्हणालो.

माझ्या आईनं त्यांचा हात धरला. "बाई, माझं पोरगं बोलण्यात बापावर गेलंय. चुलीपाशी चला, मला मांडे हातावर कसे झेलत्यात ते बघायचंय. आमच्याकडं पाटावर लाटत्यात."

झालं. दोघी आत गेल्या त्या गेल्याच. आई पुढं बैठकीत जेवायला बसायला तयार नव्हती, "मी काय पाव्हणी हाय का?" म्हणून. खापरावरचा पहिला मांडा तिला, दुसरा काकूला, तिसरा मुलीला. आतून हसण्याचे आवाज. मांडा आईच्या हातावरून निसटून चुलीत पडला म्हणे. मी आणि मुलीचे वडील ओट्यावर बसून होतो. पुरणाचा वास येत होता, पुरण येत नव्हतं.

"लई वेळ लावला यांनी," ते म्हणाले.

"डाळ शिजायला वेळ लागतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. मग त्यांना हसू आलं.

शेवटी आमचं ताट आलं. आम्ही दोघं जेवलो, बायका दारात बसून आग्रह करत होत्या. मुलगी चौकटीला टेकून उभी होती. माझं झालं. मी ताट उचललं आणि क्षणभर थांबलो. खरं सांगतो, उठू की नको असं झालं. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि आज दाखवायला काही करायचं नव्हतं. नुसतं ताट होतं हातात.

मुलीची आई दारातून जराशी सरकली, वाट करून दिली.

"मोरी तिकडं शे," त्या म्हणाल्या. "घासणी खुंटीला."

मी उठलो. मागं वळून पाहिलं तर मुलीच्या वडिलांनीही आपलं ताट उचललं होतं. ते त्यांनी हातभर अंतरावर, भिंतीकडेला नेऊन ठेवलं, त्याच्याकडं एकदा पाहिलं, आणि हात धुवायला निघून गेले. मोरीपाशी मुलगी माझ्यामागं आली होती. तांब्यानं पाणी घालता घालता वाकून म्हणाली, "कडा राहिल्यात."