गुरुजींच्या अर्जातला भारी शब्द

मुर्री गावचं ते प्रकरण आठवलं की आजही मला माझाच राग येतो. २००४ चा पावसाळा. मी गोंदियात ठाणेदार होतो.

गावातले निवृत्त इंग्रजी शिक्षक अर्ज घेऊन आले. टाईप केलेला, अस्खलित इंग्रजीत. शेजारच्या तरुणानं घरात ‘इरप्ट’ होऊन मारहाण केली, असं त्यात होतं. ‘आय’नं सुरू होणारा हा शब्द मला नवा. गुपचूप शब्दकोश पाहिला: धाडकन, जबरीनं आत घुसणं. एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटलं. गुन्हा नोंदवून तरुणाला लगेच अटक केली.

त्यानं खिशातलं पत्र पुढे केलं. “साहेब, परवा नागपूरले मुलाखत आहे. मी नाही गेलो घुसाले.”

“ते कोर्टात सांग,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी कोर्टानं दोन दिवसांची कोठडी दिली.

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील दबकत आले. “साहेब, त्या दिवशी तो सौंदड गावले मावशीकडं धानाच्या रोवणीले होता. बांधीत वीस बाया होत्या, विचारा त्याईले. गुरुजीनं याच्या शेताचा धुरा कोरून जमीन दाबली म्हणून यानं तलाठ्याकडं तक्रार केली, त्याचा राग आहे हा.”

बायांकडे हवालदार पाठवला आणि गुरुजींच्या शेतात वर्षभर राबणाऱ्या सालदाराला, अर्जातल्या एकमेव साक्षीदाराला, बोलावलं. अंगठेबहाद्दर माणूस. चहा दिला, पावसापाण्याचं बोललो, मग विचारलं, “काय पाहिलंस?”

“तो घरात इरप्ट झाला.”

“म्हणजे काय केलं?”

तो गोंधळला. “ते मले का मालूम? गुरुजीनं पाठ करून घेतला, तसाच सांगून रायलो.”

पुढे फारसं विचारावं लागलं नाही. बायांनीही पाटलांचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी कोर्टात अहवाल देऊन तरुणाला सोडलं, खोट्या फिर्यादीबद्दल गुरुजींवर कारवाई केली. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

साक्षीदाराला त्याच्याच बोलीत बोलू द्यावं, हे मी तेव्हापासून पाळलं. पण खरा धडा वेगळा होता. सालदाराला विचारलेला तो साधा प्रश्न मी अटकेआधी विचारू शकलो असतो. अर्ज मोडक्यातोडक्या मराठीत असता तर नक्की विचारला असता.

तरुण सुटला तेव्हा अंगझडतीत घेतलेलं पत्र त्याला परत केलं. मुलाखत आदल्या दिवशीच होऊन गेली होती. त्यानं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

“हे आता तुमच्याच फायलीत लावा, साहेब.”